भाऊजींची अळणी जीभ

आमच्या भाऊजींना दुसऱ्या कुणी नावं ठेवली तर मी भांडायला उठेन. पण मी ठेवणार. तो माझा हक्क आहे, कारण लग्न होऊन ह्या घरात आल्यापासून त्यांचा स्वयंपाक मी वेगळा करतेय. माणूस आजारी नाही, म्हातारा नाही, डॉक्टरने काही सांगितलेलं नाही. तरी मीठ नको, तिखट नको, आणि लसूण सोलायचा तर मागच्या दारी जाऊन सोलायचा. का, तर भाऊजी वाइन करतात आणि वाइन करणाऱ्याची जीभ स्वच्छ हवी.

सुरुवातीला हे फक्त द्राक्षं तोडायच्या दिवसांत असायचं. तेवढं मी समजून घेतलं. पण तोडणी संपली की रस टाकीत उकळ्या घेतो, आंबला की वाइन पिंपात जाते, मग पिंपातून बाटलीत, आणि बाटल्या भरेस्तोवर पुन्हा तोडणी दारात. हंगाम कधी संपलाच नाही. भाऊजी वर्षभर उकडलेला बटाटा आणि बिनमिठाचं मटण खात राहिले. कुणाकडे पाहुणे म्हणून गेले तरी खिशातून बटाटा काढायचे. मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं व्हायचं.

कारखाना म्हणायला आमचा कारखाना, बाकी घराच्या मागे पत्र्याची मोठी शेड. स्टीलच्या टाक्या, ओकच्या पिंपांची एक रांग, कायम ओली जमीन. पुढच्या खोलीत टेबलं मांडली आहेत. सुट्टीच्या दिवशी माणसं चव घ्यायला येतात, त्यांना खायला मी करते. वेलींचं सगळं आमचे हे बघतात. दोघा भावांत मिळून दिवसाला दहा शब्द बोलून होत नाहीत, त्यामुळे घरात बोलायचं खातं माझ्याकडे आहे.

पांढऱ्या वाइनची मला कधी काळजी नव्हती. शेनिनबरोबर तळलेला मासा द्यावा, सोविन्यों ब्लांकबरोबर टोमॅटो, काकडी आणि शेळीच्या दुधाचं चीज, की माणसं बाटली घेऊनच उठतात. घोडं अडायचं ते शिराझपाशी. उतारावरचा तो शिराझचा तुकडा भाऊजींनी तरुणपणी स्वतः लावलेला. सगळे हसत होते, भाऊजी पहारीने दगड फोडून खड्डे घेत होते. काळीभोर, बारीक मण्यांची द्राक्षं, त्यांची तांबडी वाइन. लोक घोट घ्यायचे, वा वा म्हणायचे आणि जाताना शेनिन घेऊन जायचे. शिराझ कशाबरोबर प्यायची असं कुणी विचारलं की मी म्हणायचे, गप्पांबरोबर. दुसरं सांगणार काय? जेवणाबरोबर घेतली की ती कुठे जायची कळायचंच नाही.

चौकातली हॉटेलवाली बाई आमचं सगळ्यात मोठं गिऱ्हाईक. पांढरी खोक्यांनी न्यायची, तांबडीचं नाव काढलं की "बघू" म्हणायची. ह्या वर्षी आमच्या ह्यांनी स्पष्ट सांगितलं, तो तुकडा आता परवडत नाही, वेली उपटून शेनिन लावू. भाऊजी भांडले नाहीत. म्हणाले, बाईंना एकदा शेवटची चव घेऊ दे. त्या नाही म्हणाल्या तर बोलाव वेली उपटायचं मशीन. ह्यांनी लगेच मशीनवाल्याला सोमवारचं सांगूनही टाकलं.

मग काय, भाऊजींनी स्वतःला शेडमध्ये कोंडून घेतलं आणि घरात अंड्यांचा बाजार सुरू झाला. तांबड्या वाइनमध्ये तुरटपणा असतो. अंड्याचं पांढरं फेटून पिंपात घातलं की ते तुरटपणाला धरून तळाशी बसतं आणि वाइन मऊ होते. हे बेताने करायचं काम; भाऊजी दर वर्षी करायचेच, पण ह्या वर्षी हात थांबेना. भाऊजी घोट घ्यायचे, म्हणायचे, अजून बोचतंय, आणि पुन्हा घालायचे. पिवळं सगळं माझ्या ओट्यावर. मी ते कशाकशात ढकललं ते विचारू नका. दाराजवळचं एक पिंप तेवढं राहिलं, कारण दुकानातली अंडी संपली.

बाई येणार त्याच्या आदल्या दिवशी भाऊजी स्वयंपाकघरात आले. हात धूत अगदी शांतपणे म्हणाले, उपटायचीच वेळ आली तर पहिली वेल मी माझ्या हाताने उपटेन. त्यांनी आदळआपट केली असती तर मी समजूत काढली असती. ती शांती बघून माझं डोकंच फिरलं. राग कुणावर ते मला तरी कुठे माहीत होतं! पण माझा राग हातातून उतरतो. मटणात लसूण मूठभर पडला, मिरी कुटली ती सगळी गेली, तिखटाचा चमचा तर मी मोजलाच नाही. ह्या गडबडीत भाऊजींचे बटाटे करपून कोळसा झाले.

मी ताट त्यांच्यासमोर ठेवलं. म्हटलं, "आज हेच आहे. खायचं तर खा, नाहीतर उठा."

सकाळपासून पिंपं धुऊन माणूस भुकेने कळवळला होता. खाल्लं बिचाऱ्यांनी. दुसऱ्या घासाला डोळ्यांतून पाणी आलं, तसा त्यांनी समोरचा पेला उचलला. त्यांचीच शिराझ, अंड्यांनी मऊ केलेली. एक घोट घेतला, पेल्याकडे बघितलं. पुन्हा घास, पुन्हा घोट. मग मला विचारतात, ह्यात पाणी घातलंत का? मी म्हटलं, मला दुसरे उद्योग नाहीत का?

ते उठले ते तडक शेडमध्ये. दाराजवळच्या पिंपातली, अंडं न पडलेली वाइन एक जग भरून आणली. घास, घोट, घास, घोट. शेवटी मीही घेऊन बघितली. नुसती प्यायले तेव्हा जीभ आवळून आली. मटणाबरोबर घेतली आणि तो तुरटपणा तेलाला असा भिडला की दोन्ही बेतात आले. मिरीचा वास मटणाचा की द्राक्षाचा तेच कळेना.

भाऊजी म्हणाले, "वहिनी, मी एवढी वर्षं ही वाइन माझ्या जिभेसाठी केली. पिणारी माणसं तर मीठ खातात."

दुसऱ्या दिवशी हॉटेलवाली आली. मी तसंच मटण पुन्हा केलेलं, ह्या वेळी शुद्धीवर राहून. पण तिने आधी नुसता पेला तोंडाला लावला आणि तोंड वाकडं केलं. आमचे हे दारात उभे, खाली मान घालून. भाऊजी फक्त म्हणाले, जेवता जेवता घ्या. ती जेवायला बसली आणि तिच्या आचाऱ्याची गाऱ्हाणी सांगत सुटली. तो सांगून ऐकत नाही, उशिरा येतो, उलट बोलतो. बोलता बोलता पेला रिकामा झाला. बोलणं न थांबवता तिने जग ओढला आणि स्वतःच्या हाताने पुन्हा भरला. भाऊजींचा श्वास मला ओट्यापाशी ऐकू आला.

जग संपल्यावर तिने विचारलं, ही किती आहे? भाऊजींनी खोटं सांगितलं नाही. म्हणाले, एकच पिंप, बाकीची मी माझ्या हाताने अंडी घालून घालून मिळमिळीत केली. ती पोटभर हसली. म्हणाली, "हे पिंप माझं. पुढच्या हंगामाचंही माझंच, फक्त अंडी लपवून ठेवा."

आमच्या ह्यांनी तिथेच खिशातून फोन काढला आणि मशीनवाल्याला सांगितलं, सोमवारी येऊ नकोस. भावाच्या खांद्यावर एकदा हात ठेवला आणि वेलींकडे निघून गेले.

मी आवरायला लागले. भाऊजी टेबलाशी एकटेच बसले होते. उरलेलं मटण त्यांनी पुढे ओढलं आणि पावाने रस्सा पुसून पुसून खाल्ला, नाक लाल, पण थांबायचं नाव नाही. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही रोज असा स्वयंपाक करत होतात?"

इतक्या वर्षांची किती तरी उत्तरं माझ्या तोंडाशी तयार होती. मी "हो, रोज" एवढंच म्हटलं आणि त्यांना अजून वाढलं.