आबासाठी निवडलेली बाटली

त्या हिवाळ्यात आमची पलटण उत्तरेच्या वरच्या चौक्यांवर होती. मी नायब सुभेदार. नाईक बिरू माझ्या प्लाटूनमधला सेक्शन कमांडर. मी कडेगाव तालुक्यातला ऊसवाला, तो कवठे महांकाळकडचा धनगर. पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यारं घेऊन मोर्चात सज्ज, मग बर्फ वितळवून चहा, हत्यारांची सफाई, पेट्रोल म्हणजे गस्त, आणि सांजेला रमचा इश्यू. असा दिवस जायचा. बिरू रमला तोंड लावत नसे. आपला वाटा तो इतरांच्या मगात ओतायचा, त्यामुळं गडी अख्ख्या चौकीचा लाडका होता.

त्याचा बाप त्याच्याशी बोलत नव्हता. एकुलता एक पोरगा मेंढरं सोडून फौजेत गेला, हा राग. बिरू रजेवर आला की म्हातारा कळप घेऊन दुसरीकडं निघून जायचा. हट्टाला पेटलेला धनगर म्हणजे काय, ते आमच्या भागातल्या माणसाला सांगायला नको.

एका सकाळी बिरू धापा टाकत माझ्या बंकरमध्ये आला. मला वाटलं, वरून काही मेसेज आला.

"साब, आबा बोलला! फोनवर बोलला!"

"काय म्हणाला?"

"म्हणाला, औंदा येतूस नव्हं? येताना ती तुमची मिलिट्रीची बाटली आण. नवं घोंगडं आणलंय. दोघं बसू."

"मग नाच की लेका. तोंड का पाडलंस?"

"साब, आबानं जल्मात घेतली न्हाई. मी बी न्हाई. पयल्यांदा माझ्यासंगं बसणार हाय. घसा भाजून थुकला, तर उठून जाईल. मग पुन्यांदा बसायचा न्हाई."

मी हसलो नाही. एवढा धिप्पाड गडी, गोळीबारात पापणी न हलवणारा, आणि एका घोटाला भ्याला होता. प्लाटूनमध्ये बातमी फुटली आणि सल्ल्यांना ऊत आला. एक म्हणाला, रम ने, फौजी माणसाची खूण. दुसरा म्हणाला, सगळ्यात महागडी ने, म्हातारा खूश. उचलली जीभ लावली टाळ्याला! फौजी माणूस भेट देताना हीच चूक करतो. स्वतःला जी चढते, ती नवख्याच्या हातात कोंबतो.

रेशन आणायला आम्ही दोघं खाली बेस कॅम्पला गेलो, तेव्हा मी आम्हा सुभेदार लोकांच्या जेसीओ क्लबच्या बारमनला गाठलं. त्यानं तीन ग्लासांत थोडी थोडी ओतली. बिरू बोट बुडवून चाखत होता.

रम चाखली. "साब, हे खोकल्याचं औषध."

दुसरी धुरकट चवीची व्हिस्की. बड्या साहेबांची आवडती. त्यानं तोंड वाकडं केलं, मग विचार करून म्हणाला, "आबाला चालंल की. त्याचा जलम चुलीम्होरं गेलाय."

"चुलीम्होरं बसणं निराळं, धूर गिळणं निराळं. नवख्याला धूर नको."

तिसरी हलकी होती. जरा गोडसर, जाळ कमी. बिरूनं बोट दोनदा बुडवलं. "हिला गुऱ्हाळाचा वास हाय, साब. आबाला ठावा हाय ह्यो वास."

"झालं तर मग. हीच."

बाटलीवर किती वर्षं लिहिलीत, किंमत किती, ते बघू नकोस, हे मी त्याला सांगितलं. मग रीत शिकवली. पोटात भाकरी गेल्याशिवाय घोट नाही. थोडी व्हिस्की, तेवढंच साधं पाणी. आधी वास, मग ओठ ओले, मग बारीक घोट. तो वर चढताना ड्रिलसारखं पाठ म्हणत होता, "आदी भाकरी, मग पाणी, मग वास." बाटली बेसवरच त्याच्या ट्रंकेत ठेवली. रजा मंजूर झालेली होती.

रजेआधीची शेवटची लिंक पेट्रोल, शेजारच्या चौकीपर्यंतची गस्त, त्याच्या सेक्शनची होती. मी चौकीवर रेडिओपाशी होतो. रेडिओवर मी अल्फा, तो चार्ली.

"चार्ली, चार्ली, अल्फा. रिपोर्ट. ओव्हर."

"अल्फा, चार्ली. नाल्यापाशी पोचलो. बर्फ मऊ हाय. ओव्हर."

"पार करू नका. मागे फिरा. ओव्हर."

"रॉजर. दोन जवान पलीकडं गेल्यात. त्यांना बोलवून घेतो. आऊट."

पुढचं मला नंतर त्या जवानांनी सांगितलं. ते दोघं परत आले. बिरू मधल्या खडकापाशी उभा राहून एकेकाला हात देत होता. दुसरा जवान अलीकडं पोचला आणि वरच्या उतारावरचा सगळा बर्फ सुटला. तो आवाज मी चौकीवर ऐकला. नंतर किती तरी वेळ "चार्ली, चार्ली" करत राहिलो. उत्तर आलं ते त्या जवानाचं, आणि त्याला धड बोलता येत नव्हतं.

आम्ही फावड्यांनी खणलं, मग हातांनी. उजेड सरायच्या आत बिरू सापडला. मी तिथंच बर्फात बसून रडलो. पोरांसमोर रडलो. त्याची लाज मला तेव्हाही वाटली नाही आणि आजही वाटत नाही.

एस्कॉर्ट म्हणून त्याला घेऊन मीच गावी गेलो. तिरंगा, सलामी, माणसांचा समुद्र. म्हातारा काठी टेकून उभा होता. त्यानं डोळ्यांतून टिपूस काढलं नाही. ट्रंक घरी पोचवायच्या आधी बाटली मी माझ्याकडं ठेवून घेतली होती. तशा गर्दीत ती कशी द्यायची?

पुढच्या रजेत मी घरी होतो. आमच्याकडं ऊस तुटला की रानात धनगरांची मेंढरं बसवतात, खतासाठी. भावाला म्हणालो, औंदा बिरूच्या बापाचा, मायाप्पा आबाचा कळप बोलव. आबा आला. दिवस कलायला मेंढरं वाघरात, जाळीच्या कुंपणात, कोंडली, तेव्हा मी बाटली, तांब्या आणि पेले घेऊन गेलो. भाकरी त्याच्यापाशी होतीच.

"आबा, ही बिरूनं तुमच्यासाठी निवडलीय."

त्यानं बाटली हातात घेतली, उलटीसुलटी केली. "त्यानं चाखली हुती?"

"बोट बुडवून. म्हणाला, गुऱ्हाळाचा वास हाय, आबाला ठावा हाय."

"आनि काय म्हणला?"

मी सगळं सांगितलं. भीतीसुद्धा. "लय भ्याला हुता, आबा. म्हणायचा, आबा थुकला तर उठून जाईल. मग पुन्यांदा बसायचा न्हाई."

म्हाताऱ्यानं बाटली जपून खाली ठेवली. मग पडशीखालून घडी घातलेलं काळं घोंगडं काढलं. नवं कोरं. झटकून अंथरलं आणि एका कडेला बसला. मी शेजारी टेकायला गेलो.

"तितं नगं, सायेब. ती जागा बिरूची हाय."

मी समोर ढेकळांत बसलो. त्यानं भाकरीचे चार घास खाल्ले. मी दोन पेल्यांत थोडी थोडी ओतली, तेवढंच पाणी घातलं. एक त्याला दिला. दुसरा त्यानंच उचलून घोंगड्याच्या रिकाम्या कडेला ठेवला. माझ्यासाठी मी ओतली नाही.

त्यानं वास घेतला. ओठ ओले केले. मग एक बारीक घोट. त्याचा चेहरा आवळला, खोकल्याची उबळ आली, डोळ्यांत पाणी आलं. हात तोंडावर गेला.  म्हाताऱ्यानं तोंड घट्ट दाबून धरलं आणि घोट गिळला.

आता त्या डोळ्यांतलं पाणी थांबेना. त्यानं ते पुसलंही नाही. शेजारच्या पेल्याकडं वळून तो म्हणाला,

"बिरू, थुकलो न्हाई रं. बसलोय बघ."