सेटल झालेला माणूस

“तुम्हा लोकांना माफीची सवय असते.”

हे वाक्य मला मराठीतून ऐकायला मिळालं. बेंगळूरला, व्हाइटफील्डच्या एका बँकेत. माझी मुलगी शेजारच्या खुर्चीत बसलेली असताना.

बोलणारा पुण्याचा, माझ्यापेक्षा बराच लहान. आधी माझी मराठी ऐकून त्याला आनंद झाला होता. “अरे वा, आपलेच की,” म्हणाला. मग आडनाव विचारलं. मग गाव. निपाणीजवळचं गाव मी सांगितलं. “अच्छा, म्हणजे तुम्ही...” म्हणाला आणि वाक्य तिथंच सोडलं. असं अर्धं सोडलेलं वाक्य मी जन्मभर ऐकत आलोय. पुढचं अर्धं जातीचं असतं, ते मला पाठ आहे. त्यानंतर तो एकदाही ‘आपले’ म्हणाला नाही.

मुलीला नर्सिंगला सीट मिळाली होती. स्वतःच्या मार्कांवर. फीसाठी कर्ज हवं होतं आणि त्यावर बापाची सही लागते. त्यानं माझा पॅन नंबर कॉम्प्युटरला घातला आणि स्क्रीन फिरवला. माझ्याकडं नाही, तिच्याकडं. माझं जुनं गाडीचं कर्ज, दुसऱ्या बँकेतलं. त्यापुढं एक शब्द. सेटल्ड.

“म्हणजे काय, सर?” तिनं विचारलं.

“म्हणजे पूर्ण फेडलं नाही. थोडं भरलं, उरलेलं बँकेनं सोडून दिलं.” आणि मग ते वाक्य.

मी पूर्ण फेडलं होतं. व्याजासकट, दंडासकट. बायकोच्या गळ्यातलं गेलं, गाडी गेली, तेव्हा फिटलं. काही बाकी नाही, असं त्या बँकेचं पत्र घरी कपाटात होतं. एवढं सांगायला फक्त तोंड उघडायचं होतं. नाही उघडलं. “थँक यू सर,” म्हणून उठलो. थँक यू म्हणालो मी त्याला.

मेट्रोच्या जिन्यात मुलगी थांबली.

“पप्पा, तुम्ही बुडवलं होतं?”

“नाही.”

“मग सुम्ने, उगीच गप्प का बसला?”

मी पुढं जिना चढत राहिलो. त्याचं उत्तर आता देतो. तो शब्द मी स्वतःच्या तोंडानं म्हटला होता, म्हणून गप्प बसलो.

मी ऑफिसची माणसं ने-आण करायचो, स्वतःच्या गाडीतून. लॉकडाउनमध्ये ऑफिसं बंद पडली. गाडी झाडाखाली उभी राहिली, हप्ते थकले. वसुलीवाले गल्लीत येऊन मोठ्यानं नाव घ्यायचे. शेवटी सगळं विकून मी त्या कर्जाच्या बँकेत, के. आर. पुरमच्या शाखेत पैसे घेऊन गेलो. काउंटरवरच्यानं हिंदीत विचारलं, “सेटलमेंट करना है?” मी छाती पुढं काढून म्हणालो, “हां, पूरा सेटलमेंट.”

आमच्या घरात त्याहून मोठा शब्द नव्हता. आई गावभर सांगत फिरायची, माझा लेक बेंगळूरला सेटल झाला. लग्न जुळवताना मुलगा सेटल आहे का, हाच पहिला प्रश्न. सेटल म्हणजे मिटलं, पाय रोवले, आता कुणी बोट दाखवणार नाही. बँकेच्या भाषेत त्याचा अर्थ नेमका उलटा निघतो, पूर्ण फेडलेल्यापुढं ‘क्लोज्ड’ लिहितात, हे मला फार उशिरा कळलं. स्कूटरच्या कर्जाला नकार आला तेव्हा. त्या वेळी घरी कुणाला सांगितलं नाही. आपल्याच जिभेनं घात केला, असं समजून शब्द गिळून टाकला. बायको विचारायची, स्कूटरचं काय झालं. मी म्हणायचो, बसनं बरं पडतं.

आता मुलीसाठी फिरायला लागलो. व्हाइटफील्डची बँक म्हणाली, नोंद साफ करून या. सगळ्यांच्या कर्जांची नोंद ठेवणारी कंपनी म्हणाली, बँक कळवते तेच आम्ही दाखवतो. जुन्या बँकेत फोन केला तर म्हणाले, कंपनीकडं तक्रार करा. केली. कंपनीनं बँकेला विचारलं, बँकेनं सांगितलं की नोंद बरोबर आहे. फिरून तिथंच. फी भरायची तारीख जवळ येत होती.

शेवटी कपाटातलं पत्र घेऊन जुन्या शाखेत गेलो. मुलगी सोबत आली. दारातला वॉचमन म्हणाला, “स्वल्प इरी, अण्णा.” थांबलो. मॅनेजर बाई मऊ बोलणाऱ्या. कन्नडमध्ये बोललो आम्ही. त्यांनी पत्र बघितलं, कॉम्प्युटर बघितला.

“पैसे पूर्ण आलेत,” म्हणाल्या.

“मग?”

“पण सेटलमेंट असं तुम्हीच म्हणालात ना?”

“म्हणालो.”

“मग चूक माझ्याकडून झाली, माफ करून दुरुस्ती करावी, अशा दोन ओळी लिहून द्या. मी आजच वर पाठवते.”

कागद पुढं आला. पेन आलं. खरं सांगतो, मला लिहायचं होतं. हाताला सवयच ती. ‘क्षमिसि’ एवढं लिहून झालं, आणि मुलीनं कागदावर हात ठेवला.

“लिहू नका, पप्पा. हे लिहिलं की त्या पुण्याच्या माणसाचं खरं होतं.”

“तुझी फी?”

“कळतंय मला.”

मी पेन खाली ठेवलं.

“मॅडम, त्या दिवशी काउंटरवर मी म्हैसूरचा महाराजा आहे म्हणालो असतो, तर तुम्ही तसं लिहिलं असतं?”

मुलगी फिसकन हसली. बाई हसल्या नाहीत. “जोक नको, अण्णा.”

“जोक नाही. मी काय म्हणालो ते सोडा. काय भरलं ते बघा. पूर्ण भरलं. ते तसं लिहायचं काम तुमचं होतं. माझं नव्हतं.”

“मग वेळ लागेल.”

“लागू दे.”

बोललो तेव्हाच मला पहिल्यांदा दिसलं. माझ्या जिभेची चूक मी इतकी वर्षं उराशी धरून बसलो, आणि तिच्या आडोशाला बँक निवांत बसली होती.

तो कागद मी फाडला. मुलीनं दुसरा लिहिला. नोंद बँकेनं चुकीची केली, बँकेनंच दुरुस्त करावी आणि जिथं जिथं कळवली तिथं तिथं दुरुस्ती कळवावी. पोच म्हणून शिक्का मारून घेतला. पुढं बँकांच्या लोकपालाकडंही तक्रार घातली.

फीची तारीख गेली. सीट दुसऱ्या कुणाला मिळाली. मुलगी सध्या एका मेडिकल दुकानात काउंटरला उभी राहते. तक्रार करत नाही. केली असती तर बरं वाटलं असतं. तिच्या गेलेल्या वर्षात माझा वाटा आहे. स्कूटरच्या वेळीच बोललो असतो तर हे तेव्हाच निस्तरलं असतं. तो वाटा मी कुणावर ढकलत नाही. पण त्या शब्दाचा भार माझा नाही.

दर सोमवारी मी त्या शाखेत जातो. वॉचमन आता थांबा म्हणत नाही. बाई म्हणतात, वर पाठवलंय. मग आवाज खाली घेऊन म्हणतात, “अण्णा, अजून सांगते, दोन ओळी लिहा. लगेच होईल.” पेन सरकतं माझ्याकडं.

मी ते परत सरकवतो. मी फेडलंय. मला कुणी काही माफ केलेलं नाही आणि मी मागणार नाही. बँकेनं ज्या हातानं लिहिलं, त्याच हातानं खोडायचं.

मी बसलोय.