मामांची जीप आणि मामीचा दगड

माणसं घर घेताना पाणी बघतात, शेजार बघतात, बाजार किती लांब ते बघतात. माझ्या मोठ्या मामांनी अख्ख्या आयुष्यात प्रत्येक गोष्टीत फक्त उतार बघितला. हे मी वाढवून सांगत नाहीये, उलट थोडं कमीच करून सांगतेय, कारण खरं सांगितलं तर कोणी विश्वास ठेवत नाही. यवतमाळात कुठल्या डॉक्टरकडे जायचं हे मामांच्या आजारावरून नाही, दवाखान्यासमोरच्या रस्त्यावरून ठरायचं. त्यामुळे गुडघा दुखतो म्हणून ते कित्येक वर्षं कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जात होते. तिथला उतार सरळ होता आणि पुढे कोणाची हातगाडी नसायची. "फरक हाय," असं मामा म्हणायचे, आणि गुडघ्यावर हात फिरवायचे.

याचं कारण मामांची जीप. मामांनी ती तरुणपणी मिलिटरीच्या लिलावातून आणली, आणि मिलिटरीने ती का काढली हे विचारायचं राहून गेलं. तिला बॅटरी होती, पण ती फक्त जागच्या जागी होती. स्टार्टर मारला की आतून कोणीतरी खाकरल्यासारखा आवाज यायचा आणि मग शांतता. त्यामुळे जीप कायम उतारावर, तोंड खाली करून उभी करायची. हँडब्रेक नुसताच वरखाली व्हायचा, म्हणून चाकापुढे दगड. हा दगड मामीच्या ताब्यात. काळा, चपटा, एका बाजूने झिजलेला. मामी डावीकडे बसायची आणि दगड पायापाशी ठेवायची. जीप थांबली की मामी खाली उतरून चाकापुढे दगड लावणार, मामा वरून विचारणार, "लागला?" आणि मामी "लागला" म्हणेपर्यंत ब्रेकवरचा पाय उचलणार नाहीत. निघताना उलटं. मामा सेकंड गियर टाकून बसणार, मामी दगड ओढणार, जीप घरंगळणार, मामा क्लच सोडणार, जीप दोन गचके देऊन सुरू होणार, आणि मामी हातात दगड घेऊन पळत येऊन चालत्या जीपमध्ये चढणार. लहानपणी मला वाटायचं सगळ्यांच्या माम्या असंच चढतात.

आमच्या ताईसाठी मुलगा बघायला मामा गेले होते. परत आल्यावर मामीने विचारलं, "पोरगा कसा हाय?" मामा म्हणाले, "पोरगा ठीकच हाय. पण घर काय जागेवर हाय वं! गेटातून सोडली का थेट रोडवर." लग्न झालं. मुलगा पण चांगला निघाला, हे आमचं नशीब.

आता तुम्ही म्हणाल एवढी बिघडलेली गाडी तर दुरुस्त का नाही करायची? करायचे ना! लोहाऱ्याच्या एमआयडीसीत मामांचा एक मिस्त्री होता, त्याच्या शेडमध्ये मामांची स्वतःची खुर्ची होती, दिवाळीचा चिवडा सुद्धा जायचा तिथे. मिस्त्री बॉनेट उघडायचा, बराच वेळ आत बघायचा, आणि बॉनेट लावून म्हणायचा, "काकाजी, एवढ्यात राहू द्या. हात लावला का दुसरं निघते." यावर मामांचं समाधान व्हायचं. पण खरी मजा अशी की हिचं सगळं दुखणं डांबरी रस्त्यावर. डांबर लागलं की कुठे ना कुठे बंद पडणारच. आणि चिखलात? चिखलात ती वेगळीच बाई व्हायची. आमच्याकडची काळी माती पावसाळ्यात चप्पल धरते ती ठेवूनच घेते. शेतात जायच्या पांदणीवर मोटरसायकल जात नाही, बैलं थांबतात, ट्रॅक्टर बसतो. आणि ही त्यातून निवांत जायची, बाजाराला निघाल्यासारखी.

मामी मात्र एका वर्षी फुटली. यवतमाळला तिच्या भाचीच्या साक्षगंधाला, म्हणजे साखरपुड्याला, हॉल निघाला सपाट जागेवर. परतताना जरीची साडी नेसून मामी मागून धक्का देतेय, आणि सगळे पाहुणे गेटात उभे. नव्या व्याह्यांनी विचारलं, "ह्या कोण?" मामा स्टेअरिंगवरून म्हणाले, "मिसेस हाय माही. धक्का चांगला देते." घरी आल्यावर मामी एकच वाक्य बोलली, "दिवाळीच्या आत एक तं हे जीप राहीन, नाई तं मी." मामांनी बराच विचार केला, जो मामीला अजिबात आवडला नाही, आणि मग म्हणाले, "बरं. इकतो."

इंटरनेटवर जाहिरात टाकायचं काम अर्थातच माझ्याकडे आलं. मामा शेजारी बसून सांगत होते, "लिव्ह वं पोरी. उतारावर उत्तम चालते."

"मामा, असं नाही लिहीत."

"मंग काय खोटं लिव्हतं? लिव्ह, ब्रेक लागते, पण आधी ठरवा लागते."

मी फक्त फोटो टाकला आणि खाली लिहिलं, चिखलात थांबत नाही. नागपूरहून फोन आला, पुढच्या रविवारी येतो. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. पोट भरलंय म्हणाले.

आणि मधल्या आठवड्यात ते झालं. कपाशीवर बोंडअळीने उच्छाद मांडला होता त्या साली. जो तो पाठीवर पंप घेऊन शेतात, औषधावर औषध. शेजारच्या शेतातले देवानंदभाऊ दुपारी फवारता फवारता खाली बसले. डोळ्यापुढे अंधारी, उलट्या, बोलणं तोंडातच. हेच देवानंदभाऊ रोज मामांना विचारायचे, "भाऊ, जीप हाय का हातगाडी?" पाऊस दोन दिवसांचा, पांदण म्हणजे नुसता काला. त्यांना आणायला ट्रॅक्टर गेला तो अर्ध्यात बसला. ॲम्ब्युलन्स आली, पण डांबरी रस्ता सोडून आत येईना. मला रस्त्यावर पळवलं होतं, ॲम्ब्युलन्स धरून ठेव म्हणून, आणि मी तिथून बघत होते.

मामांची जीप शेतातच होती, बांधावर, तोंड खाली. देवानंदभाऊंना मागे झोपवलं, त्यांची बायको पायाशी. मामीने दगड ओढला, जीप घरंगळली, गचके दिले, सुरू झाली, आणि मामी पळत येऊन मागून चढली, दगड खाली टाकला आणि भाऊंचं डोकं मांडीवर घेतलं. मग ती पांदण मी कधी विसरणार नाही. जीप आडवी होतेय, सरळ होतेय, चिखल छतावर उडतोय, आणि मामा स्टेअरिंग धरून तोंडाने काहीतरी पुटपुटतायत. मामी नंतर म्हणाली देवाचं नाव घेत नव्हते, "चाल माय, चाल माय" म्हणत होते. बसलेल्या ट्रॅक्टरच्या बाजूने ती गेली, वेग कमी न करता. पुढची चाकं डांबरावर आली आणि ॲम्ब्युलन्सच्या उघड्या दारासमोर जीप बंद पडली. ड्रायव्हर म्हणाला, "काकाजी, एकदम बराबर लावली." मामा म्हणाले, "हो," आणि भाऊंना उचलायला खाली उतरले.

देवानंदभाऊ वाचले. दिसायलाही लागलं नीट. दवाखान्यात भेटायला गेलो तर मामांना म्हणाले, "भाऊ, मले भेव जहराचं नवतं. मले वाटे, हे मधात बंद पडली तं मलेच उतरून धक्का द्या लागते काय." मामी पहिल्यांदा त्या जीपवर हसली. हसता हसता पदर डोळ्याला लावला.

पण शब्द तो शब्द. रविवारी नागपूरची दोन पोरं आली, चकचकीत गाडीतून, पायात पांढरे बूट. त्यांना सुट्टीच्या दिवशी चिखलात गाड्या घालायचा छंद होता. मामांना हे दोनदा समजावून सांगावं लागलं.

"म्हणजे, तिकडे कोणाचं काही काम असते?"

"नाही काका. मजा म्हणून."

मामांनी पांदणीकडे बघितलं, मग त्यांच्या बुटांकडे. जीप डांबरावर बंद पडली, तेही पोरांना आवडलं. पांदणीतून गेली, तेव्हा तर पोरं वेडीच झाली. मामा म्हणतील तो भाव द्यायला तयार. मामा बॉनेटवर हात ठेवून उभे होते. तोंडातून हो पण निघेना आणि नाही पण निघेना, कारण ठरवलं होतं मामीने आणि शब्द दिला होता मामांनी. तेवढ्यात मामी चहा घेऊन आली.

"ठेवता कुठी गाडी?" मामीने विचारलं.

"बेसमेंट पार्किंग आहे मावशी. एकदम सपाट, खाली टाइल्स."

"उतार?"

"रॅम्प आहे ना, वर यायला."

"म्हणजे चढ हाय." मामीने दोघांकडे नीट बघितलं. "आन दगड कोण लावन?"

"कसला दगड?"

मामी मामांकडे वळली. "याईले नाई जमत," ती म्हणाली. "चाय घ्या बाप्पा तुमी, थंडा होऊन राह्यला."

मामांनी कप उचलला. बॉनेटला टेकून प्यायले.

आता त्या पांदणीवर खडी पडलीय, मुरूम पडलाय. ट्रॅक्टर जातो, ॲम्ब्युलन्स सुद्धा आत येते, ताईच्या नवऱ्याची कार थेट शेताच्या धुऱ्यापर्यंत, बांधापर्यंत जाते. जीपला कोणी काही काम सांगत नाही. मामांचा गुडघा आता खरोखरच गेलाय, आणि आता ते गुडघ्याच्याच डॉक्टरकडे जातात, सपाट रस्त्यावर, ताईच्या कारने. जीप घरासमोरच्या उतारावर असते, तोंड खाली. मी गेले की संध्याकाळी एकदा तरी मामा तिच्यात चढून बसतात, मामी दगड ओढते, जीप खालच्या निंबापर्यंत जाते. कधी सुरू होते, बहुतेक वेळा नाही होत. मग देवानंदभाऊ येतात, मी असते, अजून कोणी असतं. आम्ही तिला ढकलत पुन्हा वर आणतो. देवानंदभाऊ आता हातगाडीचं काही बोलत नाहीत, नुसते खांदा लावतात. कुठे जायचं होतं, हे कोणी विचारत नाही.

वर आल्यावर मामी वाकून दगड ठेवते. तिलाही आता वाकायला वेळ लागतो. मामा ब्रेकवर पाय ठेवून थांबतात.

"लागला?"

"लागला," मामी म्हणते, आणि मग मामा पाय उचलतात.