साहेब घर बघून गेले

बारावीनंतर माझ्यापुढे दोन विद्यापीठं होती. एक नगरकडचं कृषी विद्यापीठ. वसतिगृहासकट तिथला खर्च आम्हाला झेपण्यासारखा होता. दुसरं मुंबईतलं. तिथे केमिकल इंजिनिअरिंगची जागा मिळाली होती आणि मला तीच हवी होती. फी सरकारी होती, ती कशीही भरली असती. प्रश्न होता मुंबईत चार वर्षं राहण्या-जेवण्याचा. त्यासाठी तिथल्याच एका ट्रस्टकडे मी अर्ज केला होता. हुशार आणि गरजू मुलामुलींचा तेवढा खर्च ते उचलायचे.

अर्ज फेटाळला गेला. कारण दिलं होतं, उत्पन्न मर्यादेबाहेर.

तेव्हा आम्ही नाशिकला मखमलाबादच्या बाजूला राहायचो. घरामागे गुलाब आणि झेंडूचं शेत. वडील, त्यांना घरात सगळे भाऊच म्हणत, पहाटे सायकलला पाट्या बांधून फूलबाजारात जायचे. शेतातला अर्धा भाग शेजारच्याच घरात राहणाऱ्या काकांचा. पण वाटणी तोंडी झालेली, सातबाऱ्यावर दोघांची नावं एकत्रच. तलाठ्याने सगळी जमीन आमचीच धरून उत्पन्नाचा दाखला दिला आणि आम्ही न वाचता तो अर्जाला जोडला.

अपील करायला पंधरा दिवस होते. लागणाऱ्या कागदांची मी यादी केली आणि ती स्वयंपाकघराच्या दाराला आतून चिकटवली. दोन्ही घरांची रेशनकार्डं, तलाठ्याचा नवा दाखला, काकांचं प्रतिज्ञापत्र की चुली वेगळ्या आहेत. तहसील कचेरीत मी सहा खेपा घातल्या. काका सही करायला आले तेव्हा म्हणाले, "वेगळं निघून आठ वर्षं झाली. सरकारला सांगायचं राहिलंच होतं, नाय का?" कागद रजिस्टर पोस्टाने गेले.

उत्तर आलं ते असं: ट्रस्टच्या समितीचे एक सदस्य गुरुवारी आमच्या घरी येतील, घरची परिस्थिती पाहतील आणि मग निर्णय कळवला जाईल. कृषी विद्यापीठात प्रवेश घ्यायची शेवटची तारीख त्याच आठवड्यातला शनिवार होती. मूळ कागद तिथे जमा केले की मुंबई संपली.

साहेब येणार म्हटल्यावर घरात वेगळंच वारं शिरलं. आमच्याकडे घर बघायला माणूस येतो तो सोयरिकीसाठी. तेव्हा काय करायचं ते सगळ्यांना पाठ असतं. भाऊ म्हणाले, "घर नीट दिसलं पायजे. नायतर म्हणतील, असल्या घरची पोरगी दोन वर्षांत शिक्षण सोडून माघारी येईल. मग कशाला देतील?" मला ते पटलं. पूर्ण पटलं. मी वही काढली आणि नवी यादी केली: ओटीला चुना लावणे. माळवद गळतं तिथे ठेवलेली पातेली उचलणे. न्हाणीघराचा फाटका पडदा बदलणे. काकांकडून सोफा. काकूंकडून काचेचे पेले आणि भिंतीवरचं घड्याळ.

सोफा काकांनी मुलाच्या लग्नात घेतलेला. तो काका आणि भाऊंनी उचलून आणला तेव्हा आई हळूच म्हणाली, "आता चूल वेगळी कशी म्हणायची?"

"चूल वेगळी झाली वहिनी," काका म्हणाले, "सोफा नाय झाला अजून."

सगळे हसलो. मी त्या ओळीसमोर बरोबरची खूण केली.

साहेब साठीचे, बारीक अंगाचे, अत्यंत सभ्य. नाशिकरोडहून रिक्षा करून आले होते आणि कपाळावरचा घाम पुसत होते. आईने पुरणपोळी, कटाची आमटी, भजी, कुरडया असं सगळं केलं होतं. साहेब नको नको म्हणत असताना भाऊंनी त्यांच्या ताटात तिसरी पोळी वाढली.

"साहेब, आमच्यात पाहुण्याला अर्धपोटी उठू देत नाय."

जेवण झाल्यावर साहेबांनी पिशवीतून एक छापील फॉर्म काढला. शेत किती, माणसं किती, विहिरीला पाणी किती महिने. भाऊ नीट उत्तरं देत होते. मग साहेबांनी पेन खाली ठेवलं आणि जरा पुढे वाकून विचारलं, "हे फॉर्मवर नाही. माझं म्हणून विचारतो. घरात काही अडचण आहे का? मोकळेपणाने सांगा."

मी दारात उभी होते. आईला दोन वर्षं कंबरदुखीचं औषध चालू होतं आणि मधूनमधून ते आणणं बंद व्हायचं. मागच्या मोसमात फुलाचा भाव इतका पडला होता की भाऊंनी दोनदा पाट्या बाजारातच ओतून दिल्या होत्या. साहेबांनी एवढा सरळ प्रश्न दुसऱ्या कुठल्या घरात विचारला असेल असं मला वाटत नाही.

भाऊ म्हणाले, "तुमच्या आशीर्वादाने काही कमी नाय साहेब."

आणि मला ते उत्तर चांगलं वाटलं. हे लिहायलाच हवं. मला वाटलं, शोभलं.

शुक्रवारी रात्रीपर्यंत आम्ही त्याच आनंदात होतो. साहेब निघताना म्हणाले होते, "फार छान वाटलं तुमच्याकडे," आणि जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कार केला होता. शनिवारी सकाळी नगरची बस पकडायची की नाही हे ठरवायचं होतं. आई म्हणाली, "हातातलं घ्यावं." भाऊ म्हणाले, "इतका भला माणूस. तो नाय म्हणायचा नाय." मी भाऊंच्या बाजूने बोलले. बस गेली. कृषी विद्यापीठातली जागा त्या संध्याकाळी पुढच्या कुणाला तरी गेली असेल.

ट्रस्टचं पत्र बुधवारी आलं. टाइप केलेल्या चार ओळी. कागदपत्रं ग्राह्य धरली होती, उत्पन्न मर्यादेतलं मान्य केलं होतं. परंतु प्रत्यक्ष भेटीत कुटुंबाची राहणी सुस्थितीतली आढळल्याने व यंदा अधिक गरजू अर्जदार असल्याने अपील मंजूर करता येत नाही.

मी ते मोठ्याने वाचलं. आई परातीसमोर बसली होती. "मग काय उपाशी धाडायचं होतं का त्यांना?" एवढंच ती म्हणाली आणि पीठ मळत राहिली.

मुंबईची जागा धरून ठेवायला अजून चार दिवस होते. भाऊ म्हणाले, "मी जातो. सांगतो, सोफा आमचा नाय, घड्याळ आमचं नाय. कान धरून सांगतो." मी त्यांना एका कागदावर लिहून दिलं, काय काय सांगायचं. माळवद, औषध, ओतून दिलेलं फूल, सगळं क्रमाने. त्यांना लिहिलेलं वाचायला वेळ लागायचा म्हणून अक्षर मोठं काढलं. गुरुवारी पहाटेच्या गाडीने ते गेले आणि दिवस मावळल्यावर परत आले. पायरीवर बसून त्यांनी चपला काढल्या. मी समोर जाऊन उभी राहिले.

"भेटले?"

"भेटले. लगेच ओळखलं मला. उठून उभे राहिले. शिपायाला चहा सांगितला, बिस्किटं मागवली. सगळ्यांना सांगत होते, यांच्या घरी काय जेवलो म्हणून."

"मग?"

"मग म्हणाले, घरचे बरे हायेत ना?"

"आणि तुम्ही?"

"बरे हायेत म्हटलं."

आई आतून म्हणाली, "अन् सोफ्याचं?"

भाऊंनी चपला उचलून भिंतीकडेला ठेवल्या. "चार माणसं होती तिथं," ते म्हणाले. "नाय निघालं तोंडातून."

शनिवारी मी नाशिकमधल्याच एका कॉलेजात बी.एस्सी.ला नाव घातलं. तोपर्यंत केमिस्ट्रीच्या जागा भरल्या होत्या, बॉटनी उरलं होतं. ते घेतलं.

मी वडिलांवर कधी रागावले नाही, असं मी आजवर सगळ्यांना सांगत आले. ते खरं नाही. पुढची दोनेक वर्षं मी त्यांच्याशी कामापुरतं बोलले: पाटी धरा, दोरी सोडा, आज किती गेलं. त्यांनी एकदाही विचारलं नाही की असं का बोलतेस. तेही तेवढंच बोलायचे. मला वाटतं, आपल्याला तेवढंच मिळायला हवं असं त्यांनी ठरवून टाकलं होतं.