भिंतीवरचं तरोट्याचं फूल

रेवा आणि ईशान,

रविवारी फोनवर मी तुम्हाला भिंत दाखवत होते, तेव्हा रेवानं विचारलं, "आजी, ते सगळ्यात वरचं पिवळं फूल कोणतं? आमच्या वाळवंटात तसलं नसतं." मी "नंतर सांगते" म्हणाले. ज्यानं ते फूल काढलं तो माणूस त्याच आठवड्यात गेला होता, आणि तुमचे बाबा मागून "जेवायला चला" म्हणून ओरडत होते. तेव्हा आता लिहूनच सांगते.

"रंग मारला का सब बराबर, काकू," हे त्या पेंटरचं पालुपद. म्हणताना ओठ जेमतेम हलायचे. नवख्या माणसाला वाटावं, काहीतरी गुपित सांगतो आहे. तो दुकानांच्या पाट्या रंगवायचा. फ्लेक्स आले, पाट्या गेल्या, मग तो फाटकं, भिंती, पाण्याच्या टाक्या, सांगाल ते रंगवू लागला.

आपल्या नागपूरच्या, बेसातल्या घराची रस्त्याकडची भिंत म्हणजे तेव्हा सार्वजनिक सोय झाली होती. समोर पानठेला. तिथे खर्रा मिळतो, म्हणजे सुपारी, तंबाखू आणि चुना प्लास्टिकच्या पन्नीत घोटून केलेला ऐवज. तो तोंडात धरायचा आणि माझ्या भिंतीवर थुंकायचा, अशी वाटणी होती. काही जण इतर कामंही तिथेच उरकत. शेजारचे म्हणाले, "देवांच्या टाइल्स लावा, वहिनी." मला ते पटेना. देवांना आधीच पुष्कळ कामं आहेत, त्यात माझ्या भिंतीची राखण कशाला?

तुमच्या आईनं आणलेलं तुमच्याकडच्या वाळवंटातल्या उद्यानाचं चित्र घरात होतं. मी ते पेंटरपुढे ठेवलं. त्यानं त्यातल्या उंच निवडुंगाकडे बराच वेळ पाहिलं.

"हे काय होय, काकू? पोलिसानं हँड्सअप म्हटल्यावानी उभं आहे."

"निवडुंग आहे. भिंतभर काढा."

"बराबर आहे. काट्यापाशी कोणी मुतत नाही."

शब्द तसाच लिहिला आहे, कारण युक्तिवाद बिनतोड होता.

मी माझे नियम सांगितले. वेळेवर यायचं, चहा दोनदा, आणि माझ्या भिंतीपाशी खर्रा बंद. तो तिन्हीला लगेच "हो" म्हणाला. नागपुरात इतक्या लवकर कोणी हो म्हणालं की सावध व्हावं.

चहा तो गार करून, बशीतून प्यायचा. पोह्यांवर तर्री, म्हणजे झणझणीत रस्सा, नको म्हणायचा. तोंडाची आग होते म्हणे. एकदा त्यानं रंगाची बोटं तोंडापाशी नेऊन दाखवलं, "डॉक्टर म्हणते, तोंडात तीन बोटं गेली पायजेत. माही दीड जाते."

"मग खर्रा सोडा ना!"

"सोडूनच राहिलो, काकू."

म्हणजे तर्री सुटली होती. खर्रा सुटत होता.

निवडुंग छान झाले. मग खाली फुलं उगवू लागली. चित्रात चार-दोन झुडपांना होती, भिंतीवर रोज नवी. सगळी तांबूस, आणि सगळी बसल्या माणसाच्या उंचीवर.

"वाळवंटात एवढी फुलं?" मी म्हणाले.

"पाऊस झाला असंल तिकडे."

मी तुम्हाला फोन केला. रेवानं ठसक्यात सांगितलं, की चांगला पाऊस झाला तर सगळी टेकडी फुलते. मी निमूट घरात गेले. खुद्द नातच त्याची साक्षीदार निघाली.

दुसऱ्या दिवशी मी चहा जरा लवकर घेऊन गेले. तो भिंतीकडे तोंड करून उकिडवा बसला होता. समोर एक ताजा तांबडा डाग, आणि त्याच्याभोवती तो मन लावून पाकळ्या काढत होता.

"भाऊ, हे काय?"

"फुलाचा मधला भाग, काकू."

"कोणत्या रंगानं काढलात?"

त्यानं ब्रश रंगात बुडवला. "नॅचरल."

हसू आलं म्हणून मी जास्तच चिडले. आधी इंग्रजीत चिडले, ते वाया गेलं. मग मराठीत म्हणाले, "भिंत मी पुन्हा रंगवून घेईन. तुमचं तोंड कोण रंगवून देणार आहे?"

ब्रश धुऊन, डबे लावून तो गेला.

बरेच दिवस तो फिरकला नाही. मग एका सकाळी शिडी घेऊन आला, गाल आत गेलेले. वर चढला आणि जिथवर कोणाचीही पिचकारी पोचणार नाही अशा कोपऱ्यात पिवळं फूल काढलं.

"हे चित्रात नाही," मी म्हणाले.

"तरोट्याचं आहे. आमच्या गावाकडे, कुहीला, शेताच्या धुऱ्यावर लय असते. कोणी लावत नाही, तरी येते." खाली उतरून त्यानं शिडी माझ्यापुढे केली. "याच्याखाली काही नाही, काकू. चढा, खरवडून पाहा."

"या वयात?"

"पकडतो ना मी."

मी चढले. तुमच्या बाबांना हे सांगू नका. नखानं पाकळी खरवडली. खाली पांढराशुभ्र चुना.

"काय मंग, आहे का काही?"

"नाही," मी म्हणाले.

तो हसला, तोंड उघडेल तेवढं. मग म्हणाला, "आता सब बराबर."

सब बराबर नव्हतं. खर्रा त्यानं खरंच सोडला होता, पण तोंडात गाठ आधीच आली होती. ऑपरेशन झालं, त्यानंतर तो बोलू शकत नव्हता. रस्त्यानं जाताना भिंतीकडे बोट दाखवायचा, मी मान हलवायचे. तो गेल्याचं मला पानठेलेवाल्यानं सांगितलं. "चांगला माणूस होता, काकू," म्हणाला. सांगताना हात खर्रा घोटतच होते.

भिंतीपाशी आता कोणी उभं राहत नाही. खालची फुलं उन्हानं फिकी झाली आहेत आणि त्यांचे मधले भाग तेवढे गडद राहिले आहेत. वरचं तरोट्याचं फूल अजून पिवळं आहे. त्याच्या एका पाकळीवर माझ्या नखाचा ओरखडा आहे, आणि त्यातून पांढरा चुना दिसतो.