भाऊजींचा राघू

लोडशेडिंगची वाट बघणारा माणूस यवतमाळात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझ्या मोठ्या बहिणीच्या नशिबी आला.

मे महिन्याची दुपार. वीज गेली की अख्खी कॉलनी वीजवाल्यांच्या नावानं बोटं मोडायची. आमचे भाऊजी, बबनराव, मात्र खुशीत उठायचे, खिडक्या लावायचे, भिंतींना गाद्या टेकवायचे आणि लॅपटॉप घेऊन आत बसायचे. कारण तेव्हाच शेजारपाजारचे कूलर बंद पडत आणि रेकॉर्डिंगला लागते तशी शांतता मिळे. इंदुताईनं कुकरसुद्धा लावायचा नाही. मी एकदा शिंकले तर आतून भाऊजींनी कपाळावर हात मारल्याचं ऐकू आलं.

भाऊजी केळापूरकडच्या शेतकरी घरातले. यवतमाळला एका कॉलेजची कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. ही सगळी खटपट राघूसाठी होती. राघू म्हणजे त्यांचा प्रोग्रॅम. डोळ्यांनी दिसत नाही त्यांना तो कॉम्प्युटरवरचं, मोबाइलवरचं मराठी मोठ्यानं वाचून दाखवायचा. ओपन सोर्स होता. म्हणजे आतलं सगळं उघडं. कुणीही न्यावं, बदलावं, सुधारावं, आणि कुणी कुणाला पैसा द्यायचा नाही. सांगलीची एक मुलगी त्यात होती, मराठीचा गंध नसलेला जर्मनीतला एक गृहस्थ होता, आणखी कोण कोण होते. ही माणसं एकमेकांना कधी भेटली नाहीत, पण भांडायची मात्र सख्ख्या भावांसारखी.

मी म्हणायची, "भाऊजी, लष्कराच्या भाकऱ्या भाजून राह्यले तुम्ही." ते हसायचे आणि सुपारी-तंबाखूचा खर्रा एका गालातून दुसऱ्या गालात सरकवायचे.

राघूला आवाज हवा होता. विकतचा आणायची कुणाची ऐपत नव्हती, म्हणून भाऊजींनी स्वतःचाच दिला. पण तो कसा, ते ऐका. तरुणपणी पुण्याला शिकायला गेले तेव्हा 'मले-तुले'वरून पोरं त्यांना हसली होती. ते त्यांच्या मनातून कधी गेलं नाही. त्यामुळे राघूसाठी बोलायला बसले की भाऊजी बातम्या द्यायला लागायचे. "आज हवामान कोरडे राहील." "कृपया आपले नाव नोंदवा." ताई दाराबाहेर पदरानं वारा घेत मला विचारायची, "आत कोन पाव्हना येऊन बसला वं?" आम्ही दोघी तोंड दाबून हसायचो.

वर्षं अशीच गेली. संध्याकाळी कॉलेजातून आले की फोन सुरू. कुणाचा राघू मुका झालेला, कुणाचा 'क्ष' म्हणायला तयार नसलेला. भाऊजी सगळ्यांना हातचं काम टाकून मदत करायचे. ताईच्या संध्याकाळी त्यात गेल्या. मला त्याचा राग यायचा आणि मी तो कधी लपवला नाही. ताईच मला गप्प करायची.

मग खर्ऱ्यानं डाव साधला. नागपूरला ऑपरेशन झालं. जीव वाचला, पण स्वरयंत्र काढावं लागलं. भाऊजींनी राघूचं काम सांगलीच्या मुलीकडे सोपवलं आणि घरी येऊन पडले. आम्हाला तर वाटलं, देवच पावला. माणसाचा आवाज गेला, पण कॉम्प्युटरात तो शाबूत आहे. असं भाग्य कुणाला मिळतं?

पहिल्याच दिवशी त्यांनी मोबाइलवर टाइप केलं आणि राघू बोलला, "इंदू, मला थोडे पाणी हवे आहे."

ताई दारातच थबकली. भाऊजींच्या लक्षात आलं. त्यांनी खोडून पुन्हा टाइप केलं. राघू म्हणाला, "मले पानी दे वं इंदे." दिल्लीचा माणूस आपल्याकडच्या गावाचं नाव पाटीवर वाचतो, तसा एकेक शब्द सुटा.

"राहू द्या," ताई म्हणाली. "कागदावर लिहून देत जा. ह्या पाव्हन्यासंगं मले नाही बोलाचं."

तेव्हापासून तिनं घरभर शोध सुरू केला. भाऊजींचं खरं बोलणं कुठंतरी असेलच ना? लग्नाच्या कॅसेटमध्ये नुसता बँड वाजत होता. घरातल्या बाकी व्हिडिओत भाऊजी नव्हतेच, कारण मोबाइल त्यांच्याच हातात असायचा. निरोप ते बोलून कधी पाठवत नसत, टाइप करायचे. ज्या माणसानं उभा जन्म आवाजाच्या कामात घातला, त्याचा आवाज घरात सापडेना.

एक दिवस भाजी निवडता निवडता ताई रडायलाच लागली. "मी त्याईचा आवाज विसरून राह्यली वं. डोये मिटले का मनात तो राघूच बोलते." भाऊजी शेजारीच बसले होते. कागद पुरेनात म्हणून आणलेल्या पाटीवर त्यांनी मला लिहून दाखवलं, 'माह्या बोलीले मीच राघूच्या बाहेर ठेवलं.' आणि लगेच पुसून टाकलं.

शेवटी त्यांनी राघूच्या जुन्या मंडळींना विचारलं, माझं काही रेकॉर्डिंग असेल तर पाठवा. पोरं धावली. खूप काही आलं, पण सगळीकडे तेच बातम्या देणारे भाऊजी. जर्मनीवाल्यानं एका ऑनलाइन सभेचं पाठवलं. त्यात भाऊजी इंग्रजीतून चार वाक्यं बोलले होते आणि मध्ये खाकरले होते. ताईनं ते खाकरणं तेवढं ओळखलं.

आणि एका रविवारी धम्मरत्न दारात उभा राहिला. मारेगावहून एसटीनं एकटा आलेला, हातात पांढरी काठी. राघूकडून पुस्तकं ऐकत तो शिकला आणि आता बँकेत लागलाय. भाऊजींना सगळ्यात जास्त छळलं असेल तर यानं. दिसत नसल्यामुळे सांगितलेलं टिपून घेता येईना, म्हणून तो भाऊजींचे फोन रेकॉर्ड करून ठेवायचा आणि नंतर ऐकत ऐकत दुरुस्ती करायचा.

"सर त्याच्यात मस्त शिव्या देऊन राह्यले, काकू," तो संकोचून म्हणाला. "पाठवाले लाज वाटली, म्हनून सोताच घेऊन आलो."

त्यानं मोबाइल पुढे धरला.

"अबे लेका, दाबू नको म्हनलं ना! कायले दाबलं? आता बस बोंबलत!"

ताईनं पदर तोंडाला लावला. ती हसत होती आणि डोळ्यांतून पाणी चाललं होतं. तेच होते ते, गालात खर्रा धरून बोलणारे. भाऊजी स्वतः खुर्चीत सरसावून बसले होते, गळ्यावरच्या फडक्याला हात लावून.

रेकॉर्डिंग चालूच होतं. मध्येच लांबून ताईचा आवाज आला, "अहो, जेवाले या ना, भाकर निवून राह्यली." आणि अगदी फोनजवळून भाऊजी, "आलो वं इंदे, आलो. पाच मिनिटं." त्यानंतर पुन्हा राघूचं गुऱ्हाळ, किती तरी वेळ.

दुसरा फोन लावला, त्यातही ताईची हाक आणि तेच उत्तर. तिसऱ्यातही तेच. मला ती गार जेवणं आठवली आणि जुना राग उफाळून आला. धम्मरत्ननं मान खाली घातली. "माफ करजा काकू. माह्यापायीच तुमचं जेवन राहत होतं."

"चूप रे," ताई म्हणाली. "थे पुन्हा लाव. 'आलो वं' म्हनते तिथून."

त्यानं लावलं. तिनं मोबाइल त्याच्या हातातून घेऊन कानाशी धरला. पुन्हा लावायला सांगितलं, पुन्हा.

भाऊजी जमिनीकडे बघत बसले होते. मग उठून आत गेले. स्वयंपाकघरात ताटं वाजली. मी डोकावले तर भाऊजी चौघांचं वाढत होते. वांग्याची भाजी, भाकरी, चिरलेला कांदा. मीठ विसरले होते, तेही वाढलं. वाढून झाल्यावर ते दारात येऊन उभे राहिले. हाक मारायला गळ्यात काही नव्हतं. त्यांनी पळी चौकटीवर आपटली. एकदा, मग जरा जोरात.

ताईनं मोबाइल कानापासून हलवला नाही, मानही वर केली नाही.

"आली ना," ती म्हणाली. "पाच मिनिटं."