जॅकच्या ताटातला भात

किस्से काही ठरवून गोळा करावे लागत नाहीत. परदेशात चार मराठी घरं दर रविवारी एकत्र जेवायला लागली, की ते आपोआप साठतात आणि दर खेपेला सांगताना थोडे फुगतात. जॅकचे किस्से सगळ्यात जास्त मीच रंगवून सांगितलेत. आज न फुगवता सांगतो, कारण आता त्यांची मला लाज वाटते.

* * *

ब्याण्णव-त्र्याण्णवची गोष्ट. आम्ही सगळे जहाजदुरुस्तीच्या यार्डात इंजिनियर. माझा फ्लॅट सिंगापूरच्या बुकित बातोक भागात. खालच्या मजल्यावर हेलन आणि तिचे सत्तरी ओलांडलेले ऑस्ट्रेलियन वडील, जॅक. महायुद्धात पायदळातला साधा शिपाई म्हणून तो सिंगापूरला आला आणि इथेच जपान्यांच्या कैदेत सापडला, एवढं आम्हाला ठाऊक होतं. लिफ्टमध्ये ओळख झाली, बायकोने जेवायला बोलावलं.

आमच्यातल्या जोश्याला आग्रहाची भारी हौस. जॅकचं ताट रिकामं झालं की हा भाताचं पातेलं घेऊन हजर! जॅक म्हणाला, "नो, थँक यू."

"पहिलं 'नो' आमच्यात धरत नाहीत!" असं म्हणून जोश्याने वाढलंच.

नको असेल तर ताटावर हात आडवा धरायचा, हे त्या बिचाऱ्याला कोण सांगणार? तो वाढलेलं शेवटच्या शितापर्यंत खायचा आणि ताट रिकामं दिसलं म्हणून जोशी पुन्हा वाढायचा. असं चार वेळा झालं! जॅक गेल्यावर जोशी म्हणाला, "अख्ख्या पलटणीचा शिधा एकटा खात असणार लेकाचा!" आम्ही पोट धरून हसलो.

* * *

"अंकल जॅक, यू शॉट मेनी पीपल, आह?" माझ्या मुलीने एकदा विचारलं.

जॅक म्हणाला, "काही आठवडे गोळ्या झाडल्या. कुणाला लागल्या, देव जाणे. मग साहेब म्हणाले, रायफली खाली ठेवा. ठेवली. पुढे साडेतीन वर्षं कैद. जपान्यांच्या रेल्वेसाठी दगड उचलले."

"म्हणजे लढाई कमी आणि हमालीच जास्त!" जोशी मराठीत म्हणाला.

सगळे फिस्सकन हसले. जॅकला काही कळलं नाही, पण सगळे हसतायत म्हणून तोही हसला. त्याचं ते हसणं आठवलं की मला आजही मान वर करवत नाही.

* * *

एप्रिलमधल्या एका सकाळी तो लिफ्टमध्ये भेटला. कडक इस्त्रीचा कोट आणि छातीवर पदकं.

"काय जॅक, कुणाचं लग्न?"

"हजेरी आहे, क्रांजीला. बाकीचे केव्हाच पोचलेत. दरवर्षी मीच तेवढा उशिरा."

क्रांजीला महायुद्धात गेलेल्या सैनिकांची थडगी आहेत, हे मला चांगलं माहीत होतं. पण मी ऑफिसच्या घाईत. "एन्जॉय!" म्हणालो आणि सटकलो. एन्जॉय!

* * *

मग श्रीखंड-पुरीचा रविवार. जॅक किती पुऱ्या खातो ते बघायचं, असं आम्ही आधीच ठरवलेलं. वाढायला मी. त्याच्या कपाळावर घाम आला, तरी मी वाढतच होतो. मुलं मोठ्याने पुऱ्या मोजत होती आणि जोशी टाळ्या वाजवत होता.

दुसऱ्या दिवशी हेलन दारात उभी. म्हणाली, "डॅडला दवाखान्यात न्यावं लागलं. प्लीज, त्याला कमी वाढत जा. ताटात काही टाकणं त्याला जमत नाही. छावणीत मूठभर भात मिळायचा. त्याच्या शेजारी झोपणारा मित्र भुकेने गेला."

"मग तो येतो कशाला?" असं माझ्या तोंडून निघून गेलं.

"तुम्ही बोलावता म्हणून," हेलन म्हणाली.

* * *

पुढच्या शनिवारी दुपारी मी माफी मागायला खाली गेलो. घरी भरपेट जेवून गेलो होतो. हेलन कामावर होती. जॅक एकटाच टेबलाशी बसला होता, समोर भाताचं भांडं.

"बस, जेवायला," तो म्हणाला.

"नको, आत्ताच जेवलोय."

"पहिलं 'नो' मी धरत नाही. तुमच्याकडेच शिकलो!"

त्याने कपाने भात मोजला, वरून सुरी फिरवून सपाट केला. एक कप एका ताटलीत, एक दुसरीत. मग दोन्ही ताटल्या माझ्याकडे सरकवल्या.

"आधी तू निवड. वाढणाऱ्याने उरलेली घ्यायची, असा आमच्या छावणीतला नियम होता."

मी एक ताटली ओढली. माफीचं इंग्रजी वाक्य जिन्यातच जुळवून ठेवलं होतं, ते अर्धवट बोललो. दोन घास कसेबसे गिळले. तिसरा काही केल्या उतरेना. बाकीचा भात तसाच ठेवून मी हात मागे घेतला.

जॅक माझ्याहून चाळीस वर्षांनी मोठा. आमच्या घरात वडीलधाऱ्याला कुणी आपलं उष्टं देत नाही.

त्याने आपली ताटली संपवली. माझ्या ताटलीकडे बघितलं. ती स्वतःपुढे ओढून घेतली आणि माझा उरलेला भात हळूहळू, एकेक शीत वेचून खाल्ला.